‘फ्रेश’ या शब्दाची किळस

मोठ्या दुकानाच्या मासळीच्या काउंटरवर ती लागली, तेव्हा सगळे तिला ‘फ्रेशर’ म्हणायचे. पस्तिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या आईला. तिलाही सुरुवातीला गंमत वाटली.

काचेमागे बर्फावर मासे मांडलेले आणि वर निळ्या अक्षरांत ‘फ्रेश’. ते फ्रेश कसे होतात हे तिला लवकरच कळलं. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहणारे शिळे मासे मॅनेजर मिठाच्या पाण्यात खळबळून काढायला लावायचा. बुळबुळीत पाणी हातमोज्यात शिरायचं. डोळे पांढरे पडले असतील तर डोकंच उडवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका नको. घरी ती हात घासघासून धुवायची, तरी घास तोंडाशी नेला की बोटांना तोच वास यायचा.

सासरे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. तिनं ताट सारलेलं पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं माशांचं सांगितलं.

“जुन्या इंग्रजीत ‘फ्रेश’ हा शब्द पाण्याला लावायचे,” ते म्हणाले. “खारं नाही ते फ्रेश. ताजं हा अर्थ मागाहून आला.”

“आणि आम्ही मिठात बुडवून फ्रेश करतो.”

“अंगचटीला येणाऱ्यालाही फ्रेश म्हणतात बरं का. तो अर्थ बहुधा जर्मनमधून आलेला.”

ती ताट उचलून आत गेली. शीतखोलीत मॅनेजर मागे येऊन उभा राहायचा, “आज फ्रेश दिसतेस” म्हणत मानेजवळ तोंड आणायचा. त्याचा पेपरमिंटचा वास तिला माशांपेक्षा घाण वाटायचा.

एकदा एका गरोदर बाईनं विचारलं, “ताजा आहे ना?”

“एकदम फ्रेश,” मॅनेजर म्हणाला.

“ताई, नका घेऊ. कुजलाय तो,” ती म्हणाली.

बाई निघून गेली. मॅनेजरनं तिला शीतखोलीत बोलावलं. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” म्हणत त्यानं तिच्या कमरेला हात घातला. तिनं दोन्ही बरबटलेले हातमोजे त्याच्या पांढऱ्या शर्टाला कॉलरपासून पोटापर्यंत सावकाश पुसले, काढून त्याच्या पायाशी टाकले आणि घरी आली.

सगळं ऐकून सासऱ्यांचा चेहरा उतरला. “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“बाबा, तुम्ही अर्थ सांगत होतात.”

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासोबत कंपनीच्या कचेरीत तक्रार करायला गेले. मॅनेजरची बदली झाली, दुसऱ्या शाखेत, तिथल्या मासळीवरच. ती आता लॉन्ड्रीत इस्त्री करते. घरात मासा शिजत नाही; मुलं कुरकुरतात, पण सासरे त्यांना गप्प करतात.