पुंगोलच्या पायवाटेवरचा ऑस्ट्रेलिया

अत्यंत गांभीर्याने, आणि शक्यतो उभं राहून ऐकावं अशी विनंती करून, मी जाहीर करतो की ऑस्ट्रेलियातली रानफुलं जागच्या जागी ओळखू शकणारा सिंगापूरमधला पहिला मराठी ऑडिटर मी होतो. हा मान माझ्याकडे सव्वा तास राहिला.

सप्टेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात रानफुलांचा बहर असतो. तिथे आठ दिवस जायचं आमचं ठरलं होतं. मी, बायको आणि पंधरा वर्षांची लेक, अशा सहलीच्या व्हॅनमधल्या तीन जागाही घेऊन झाल्या होत्या. प्रश्न होता सासूबाईंचा. त्या तेव्हा पुण्याहून आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या आणि त्यांना यायचं होतं. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. तिकडे एक फूल असतं म्हणे. त्यावर किडा बसला की फुलातली दांडी खटकन वळते आणि किड्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला परागकण फासते.

"तीस वर्षं फळ्यावर काढलं गं," त्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाल्या. "खरं एकदा तरी बघू दे."

"आई, तुझे गुडघे," बायको म्हणाली.

या तीन शब्दांवर आमच्या घरात अपील नाही. तरी सासूबाई दोन दिवस इतक्या गप्प राहिल्या की शेवटी बायकोनेच तडजोड काढली. रविवारी सकाळी कालव्याकाठच्या पायवाटेने पुढच्या पुलापर्यंत सगळ्यांनी चालायचं. दीड किलोमीटर. सासूबाई आमच्या बरोबरीने राहिल्या तर व्हॅनमध्ये चौथी जागा शोधायची. मागे पडल्या तर ते आठ दिवस त्यांनी सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, जुरोंगला, बायकोच्या मैत्रिणीकडे काढायचे.

मी त्याच दिवशी माझी रंगीत तालीमही ठेवली. व्हॅनबरोबर वाटाड्या होता, पण त्याच्या चुका दाखवायला कुणीतरी हवंच ना! त्यासाठी तीन आठवडे मी तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियन रानफुलांचं पुस्तक घोकत होतो. त्यात फूल ओळखायची एक प्रश्नावली असते. पानं समोरासमोर की एकाआड एक? खोडावर लव आहे का? फूल एकटं की घोसात? उत्तरं देत पुढे जायचं, शेवटी नाव हातात. ऑडिटरला यापेक्षा सुंदर वाङ्मय सापडणार नाही. सासूबाई वनस्पतिशास्त्रातल्या, हे मला माहीत होतं. पण ते भारतातलं, असा माझा समज.

रविवारी मी रुंद काठाची टोपी घातली आणि गळ्यात भिंग अडकवलं. सासूबाईंनी घडीचं स्टूल घेतलं. बायकोने घड्याळ पाहिलं. निघालो.

दहाव्या पावलाला गवतात एक फूल दिसलं. मी हात वर करून तांडा थांबवला आणि पालथा पडलो.

"पानं समोरासमोर!" मी पुकारलं.

लेकीने पुस्तक उघडलं. "हेअरी ऑर नॉट, बाबा?"

"केसाळ! लांब दांडी, टोकाला एकच फूल, मधे पिवळं!"

लेकीने बोट सरकवत निकाल वाचला. पर्थच्या उत्तरेला वाळूत उगवणारं. दुर्मिळ. मी फुलाचा फोटो काढला, मग फुलाबरोबर माझा. सासूबाई स्टूल उघडून बसल्या आणि "छान" एवढंच म्हणाल्या.

असं दर दहा-वीस पावलांवर. धावणारे लोक मला ओलांडून जात होते. एका चिनी आजोबांना मला चक्कर आली असं वाटलं आणि त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. सव्वा तासात मी सात दुर्मिळ वनस्पती शोधल्या. सातवीला मात्र सासूबाईंना राहवेना.

"जावईबापू, एक विचारू? या पुस्तकात ऑस्ट्रेलियाबाहेरचं काही आहे?"

"नाही आई. फक्त तिथलंच."

"मग त्याला काहीही दाखवा, ते पर्थचाच पत्ता सांगणार. तुमची पहिली ती एकदांडी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उगवते. बाकीच्यांचं जाऊ दे."

"जाऊ दे कशाला? सांग ना!" बायकोचा चेहरा फुलला होता.

"चौथं तर फूलच नव्हतं गं. कुणीतरी टाकलेल्या आंब्याच्या कोयीची तांबडी पालवी."

मी उठलो, हात झटकले आणि शेजारच्या झाडाला टेकून उरलासुरला मान गोळा केला. "म्हणजे या अख्ख्या वाटेवर ऑस्ट्रेलियाचं काहीच नाही, असं म्हणा की!"

"आहे ना. तुम्ही टेकलात ते."

मी वर पाहिलं. पिवळे तुरे, कानासारख्या पिळलेल्या शेंगा.

"ऑस्ट्रेलियन बाभूळ. कोकणात रस्त्याकडेला रांगा लावल्यात. आणि ती पानं दिसतात ना, ती पानं नाहीत, चपटे झालेले देठ आहेत. शेंग उघडून बघ गं," त्या नातीला म्हणाल्या. "काळं बी असेल, त्याला केशरी दोरी."

नातीने खाली पडलेली एक शेंग उघडली. काळं बी, केशरी दोरी. तिने माझ्या गळ्यातलं भिंग काढून घेतलं आणि आजीच्या पायाशी बसकण मारली.

बायकोने घड्याळ पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. आमच्या ब्लॉकची लिफ्ट अजून दिसत होती. पूल दिसत नव्हता.

"तिकडेही तू असाच पालथा पडणार?" तिने मला विचारलं.

"पडावंच लागतं. रानफुलं जमिनीलगत असतात."

"मग चालणार कोण?"

सासूबाई कालव्याकडे बघत होत्या, पण एक शेंग त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. बायकोने ते पाहिलं आणि तिचा आवाज उतरला.

"ये तू, आई. पण व्हॅनमध्ये आता चौथी जागा मिळेल का गं? तीनच आहेत आपल्याकडे."

भिंगातून डोळा न काढता लेक आपल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "सो? आजी कॅन टेक बाबाज सीट लाह!"