चिमणाबाईंचा तीन हजारांचा पेन

सत्त्याण्णव साली गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या चिमणाबाई निवडून आल्या. पण सरपंच म्हणून मिरवायला लागला त्यांचा नवरा पुंजा. इस्त्रीचे कपडे, खिशाला बॉलपेन, चालण्यात ऐट. सह्यासुद्धा तोच करायचा, ‘सौ. चिमणाबाई’ अशा झोकदार, शेपटीवाल्या. खुद्द चिमणाबाईंची सही त्यापुढे ओशाळवाणी दिसायची.

एकदा ग्रामसेवक किशोर कागद घेऊन घरी आला. चहा ठेवताना चिमणाबाई म्हणाल्या, “मला बी येते की सही. चौथी शिकलीय मी.”

“तुझी सही होईस्तोवर किशोरभाऊंची एसटी जाईल!” पुंजा म्हणाला. ओट्यावरची माणसं हसली. चिमणाबाईही हसल्या, पण चहात साखर टाकायची राहून गेली.

दसऱ्याला झेंडूला भाव चांगला लागला. नाशकाच्या फुलबाजारात माल विकून त्या थेट मेनरोडवरच्या पेनच्या दुकानात शिरल्या. डोक्यात अजून झेंडूच्या पाकळ्या होत्या. दुकानदाराने दोन रुपयांचे पेन पुढे केले.

“हे नको. सगळ्यात भारी दाखवा.”

त्याने मखमली डबीतून शाईचा काळाभोर पेन काढला. किंमत तीन हजार. चिमणाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“यानं अक्षर सुधरतं का?”

“नाही हो. अक्षर तुमचं तेच राहणार.”

“मग येवढे पैसे कशाचे?”

“निब सोन्याची आहे. मालकाच्या हाताचं वळण घेते. दुसऱ्यानं लिहिलं की बिघडते.”

“नवऱ्यानं लिहिलं तरी?”

“निबेला काय कळतंय नवरा कोण ते!”

चिमणाबाईंनी कनवटीच्या नोटा सोडल्या.

घरी पुंजाने कपाळ बडवून घेतलं. “येवढ्यात दुभती शेळी आली असती!”

“शेळी सही करती का?”

दुसऱ्या दिवशी किशोर आला. सवयीने पुंजाने पेनकडे हात नेला, तशा चिमणाबाई ओरडल्या, “निब बिघडल! तीन हजार पाण्यात जातील!”

पुंजाचा हात विस्तवाला लागल्यासारखा मागे आला. त्याने मुकाट खिशातलं बॉलपेन काढलं. किशोर जमेल तितकं हसू दाबून म्हणाला, “सरपंचांकडे असा पेन असताना हे बरं दिसत नाही, पुंजाभाऊ.”

चिमणाबाईंनी टोपण उघडलं आणि कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला घेतलं. एसटी खरंच निघून गेली.

“गटार दुरुस्ती पूर्ण. कंचं गटार?”

“आपल्या मागलं,” पुंजा पुटपुटला.

“ते तर तुंबलंय अजून. डास फोडून काढत्यात रात्रभर.”

“होईल की. तू कर सही.”

“झालं म्हंजी करीन.” टोपण खटकन बंद झालं.

आठवड्यात गटार वाहतं झालं. चिमणाबाईंनी जाऊन पाहिलं, मगच सही केली. सही थोडी वाकडी आली, शाईचा एक ठिपकाही पडला. त्यांना ती फार आवडली.

दोन दिवसांनी पुंजाने पेनात शाई भरायचं काम आपणहून अंगावर घेतलं, कारण चिमणाबाई शाई सांडायच्या आणि त्याचा जीव तुटायचा. निळी बोटं मिरवत तो चहाच्या टपरीवर पेनची किंमत सांगायचा. पाच वर्षं संपेपर्यंत ती अकरा हजारांवर गेली होती.