शमीमआपांनी तीनदा पुकारलेलं नाव

शमीमआपांचा आवाज गोड नव्हता.

सकाळपासून जो तो 'मधुर आवाज हरपला' लिहितोय. बंद करा ते.

आपांचा आवाज खरखरीत होता. बीडच्या स्टँडमागं वडिलांचा फळांचा गाडा होता, तिथं 'मोसंबी, मोसंबी' ओरडून घडलेला. पुढं रिक्षावरच्या भोंग्यातून जाहिराती. मग कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन. मग परळीकडचे कामगारांचे कार्यक्रम.

काल दुपारी त्या गेल्या. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता खरं काय ते लिहितो. सहा वर्षं पोटात ठेवलंय.

एका चॅनलचा पुरस्कार सोहळा बीडमध्ये होता. गावासाठी चांगलं काम करणाऱ्यांचा. टीव्हीवर लाइव्ह.

स्टेजवर मुंबईहून आलेला अँकर. आणि मोठ्या स्क्रीनच्या मागं, काळ्या पडद्याआड, एक टेबल, दोन माईक, एक छोटा टीव्ही. तिथं आपा आणि मी.

'यानंतरचा पुरस्कार...' असा चेहरा नसलेला आवाज येतो ना, तो आमचा.

कानात हेडफोन. बाहेरच्या व्हॅनमधून डायरेक्टर सांगणार, आम्ही वाचणार. एवढंच काम.

उत्कृष्ट सरपंचाचा पुरस्कार पाटोद्याकडच्या गोदावरीताईंना होता. गावात येणारा पाण्याचा टँकर बंद करून दाखवणारी बाई.

त्यांचं नाव यायच्या जरा आधी आयोजकांच्या एका माणसानं चिठ्ठी आणून दिली.

'गोदावरीताईंच्या वतीने पुरस्कार स्वीकारत आहेत त्यांचे पती.'

आपा म्हणाल्या, "कावून? बाई आजारी हाय का?"

"न्हाई, आलीय की. मागं बायकांत बसलीय. पण सायबांनी सांगितलंय, तिचे मालकच घेतील."

"सरपंच कोण हाय?"

"आपा, वाचा ना. लाइव्ह हाय."

आपांनी चिठ्ठी टेबलावर पालथी घातली. माईक ऑन केला.

"उत्कृष्ट सरपंच पुरस्काराच्या मानकरी, सरपंच गोदावरीताई. ताई, आपण मंचावर यावं."

छोट्या टीव्हीवर मला सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेतून कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक माणूस उठला. पार स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आला. बायकोलाच बोलावलंय हे ध्यानात आलं आणि तिथंच थबकला.

हेडफोनमध्ये डायरेक्टर ओरडला. "आपा, करेक्शन! पती म्हणा, पती!"

आपांनी दुसऱ्यांदा पुकारलं. "सरपंच गोदावरीताई. मंचावर यावं."

अँकर ट्रॉफी धरून नुसता हसतोय.

हेडफोनमध्ये पुन्हा डायरेक्टर. "दिलीप, तू वाच. आत्ताच्या आत्ता."

दिलीप म्हणजे मी.

आणि मी चिठ्ठी उचलली. हो, उचलली. वाचायला तोंडसुद्धा उघडलं. पुढच्या वर्षीचं काम जाईल, एवढंच डोक्यात होतं.

आपांनी माझ्या माईकवर तळहात दाबून धरला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा म्हणाल्या, "गोदावरीताई, तुम्ही या. आम्ही थांबलोय."

त्या 'आम्ही'त मी नव्हतो.

मागच्या रांगेत बायकांची हालचाल झाली. चौघी-पाचजणींनी एकीला धरून उभं केलं. पदर सावरत ती बाई एकटी चालत आली. पायरीवरच्या नवऱ्यापाशी आली. कॅमेरा दोघांवर. नवरा बाजूला सरकला.

ट्रॉफी घेऊन गोदावरीताई माईकवर म्हणाल्या, "मला भाषण येत न्हाई. आमच्या गावात पाणी आलंय. बगायला या."

हॉल टाळ्यांनी दणाणला.

कार्यक्रम संपल्यावर डायरेक्टर पडद्यामागं आला. "आवाज दमदार आहे तुमचा, पण डिसिप्लिन नाही."

आपा पर्स उचलत म्हणाल्या, "मी नाव वाचायला आलते. वाचलं."

त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या चॅनलनं तर नाहीच, बीडमधल्या बाकीच्या आयोजकांनीही नाही. 'आपा ऐकत न्हाईत,' असं एकमेकांत सांगितलं गेलं.

मला बोलावत राहिले. मी जात राहिलो.

दोन वर्षांनी धीर करून त्यांच्या घरी गेलतो. म्हणालो, "आपा, माझं चुकलं."

"चुकलंच. चहा घेतो का?"

बस, एवढंच. ना टोमणा, ना 'जाऊ दे रे'. चुकलं ते चुकलं.

आज त्याच चॅनलच्या पेजवर आपांचा फोटो आहे. 'आमच्या परिवारातील गोड आवाज.'

परिवार? सहा वर्षांत एक फोन नाही, आणि परिवार?

आपांना माती देऊन घरी पोचतोय, तोच मला चॅनलचा फोन. पुढच्या सोहळ्यात आपांवर दोन मिनिटं ठेवलीत, तू वाच. मजकूर व्हॉट्सॲपवर आलाच होता. 'मधुर', 'मनमिळाऊ', 'सदैव हसतमुख'.

मी म्हणालो, "त्या दिवशी काय झालं ते लिहा. मग वाचतो."

"आता ते कशाला उकरायचं?"

"मग मी येत न्हाई."

"विचार कर. आवाज काय, दुसरे लई मिळतील आम्हाला."

"शोधा."

फोन ठेवला आणि हे टाईप करायला बसलो.

गोदावरीताई आज आपांच्या घरी आल्या होत्या. गाडी नवरा चालवत होता.

पोस्ट काढायला सांगणारे दोन मेसेज येतीलच. काढणार नाही. ज्यांना अनफ्रेंड करायचं त्यांनी खुशाल करा.

आपा, मला उशीर झाला. लई उशीर झाला.

सलाम घ्या. खुदा हाफिज.