कॅस्पियनच्या काठाने, तीन हजार फुटांवरून

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याबद्दल मला पुष्कळांनी सल्ले दिले. त्यातला एकही न मानता मी प्रवासी विमान उडवायला लागलो. विमान संगणकातले आहे. आमच्या पनवेलच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, शिवणयंत्राशेजारी, त्याचे कॉकपिट आहे: एक मोठा पडदा, एक जॉयस्टिक आणि जेवणाच्या टेबलापासून कायमची तुटलेली एक खुर्ची. पाठीमागे एकशे ऐंशी आसने आहेत आणि ती सगळी रिकामी आहेत. "अहो वैमानिक," बायको दारातून विचारते, "उतरला असाल तर तेवढी मेथी निवडा."

हल्ली आमच्या डोक्यावरून खरी विमानेही जातात. मला माझे जास्त विश्वासाचे वाटते, कारण ते खोटे आहे हे ते लपवत नाही. असे मी त्या दुपारपर्यंत तरी समजत होतो.

झाले असे, की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची स्मरणिका निघायची होती. मी आयुष्यभर कॉलेजचे ग्रंथालय सांभाळले, म्हणून संपादन माझ्याकडे आले. अध्यक्ष म्हणाले, "तुमची नजर बारीक आहे, मजकूर तपासून घ्या." स्वतः त्यांनी युरोप सहलीवर अकरा पानांचा लेख दिला होता. प्रत्येक कारंज्यासमोर त्यांचा एक फोटो होता. त्या लेखातले काहीच तपासायचे नव्हते. त्यांचे नेऱ्याला फार्महाऊस आहे आणि कार्यकारिणीची सहल दरवर्षी तिथेच जाते.

तपासायचा होता तो दुसरा लेख. चार पाने, वहीतून फाडलेली, मोठ्या अक्षरात. लिहिणारा संघाचाच सभासद, खाडीकाठच्या कोळी कुटुंबातला, वय बहात्तर-त्र्याहत्तर. पंचवीस वर्षांपूर्वी कंत्राटदारामार्फत तो परदेशी एका टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून गेला होता, असे त्याचे म्हणणे. समुद्र कोणता? तर कॅस्पियन. चारी बाजूंनी जमीन असलेला. लेखात काठावरचे उंट होते, हिवाळ्यात गोठणारे पाणी होते, रोहित पक्ष्यांचे थवे होते. आणि तिसऱ्या पानावर होते: "तिथे ओहोटी लागली की पाणी लांब जाई व बोटी चिखलात बसत. मग भरतीची वाट बघायची."

मी पेन खाली ठेवले. चहूकडून बंद असलेल्या समुद्राला नाव घेण्यासारखी भरती-ओहोटी नसते, हे शाळेतला भूगोल नीट वाचलेल्या कोणालाही ठाऊक असते. रोहित पक्षी तर उरणच्या पाणथळीवर दर हिवाळ्यात येतात. चिखल आपल्या खाडीत हवा तेवढा आहे. म्हणजे गृहस्थाने आपलीच खाडी उचलून तिकडे नेऊन ठेवली होती आणि वरून दोन उंट सोडले होते.

मी त्याला फोन करून पासपोर्ट आहे का, असे सहज विचारतो तसे विचारले.

"घर हलवलं तवा गेला," तो म्हणाला. त्यांचे गाव विमानतळाच्या जागेत गेले आणि सगळे नव्या वसाहतीत आले, त्या वेळची गोष्ट. कारण खरे असू शकत होते. सोयीचेही होते.

मग तो स्वतःच बोलला. "मास्तर, खरं सांगतो. माझ्या नातीनं मोबाइलवर बघितलं. म्हणाली, आजोबा, त्या समुद्राला भरती नसतेच. तवापासून घरात मी थापाड्या. मी गेलोच नाय, असं समजतात. मुंबईत कुठं तरी राहून आलो म्हणे. स्मरणिकेत छापून आलं तर मानतील. कार्यक्रमाला सगळी येनार हायत."

आता हे अवघड झाले. छापले तर माझ्या सहीखाली भूगोलाची चूक जाणार. न छापले तर म्हातारा त्याच्याच घरात कायमचा खोटा ठरणार. मी म्हटले, "दादा, उद्या दुपारी घरी या. तुम्हाला कॅस्पियन दाखवतो."

हेतू चांगला नव्हता, हे मान्य करतो. मला त्याला पकडायचे होते.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसल्यावर कमरेशी चाचपून म्हणाला, "पट्टा नाय?"

"हे घरातलं विमान आहे."

"वळताना पडलो तर?"

"तर शिवणयंत्र आहे," बायको चहा ठेवत म्हणाली. "त्याला धरा, दादा. मी तेच धरते."

मी विमान मुद्दाम पश्चिम किनाऱ्यावरून सुरू केले. तिथे समुद्राला लागून डोंगर आहेत. त्याच्या लेखातला किनारा सपाट, बरोबर समोरच्या बाजूचा. मी डोंगर दाखवले आणि गोड आवाजात म्हटले, "हाच ना तुमचा किनारा? ओळखला?"

थापा मारणारा माणूस अशा वेळी "हाच, हाच" म्हणतो. अध्यक्षांनी तर कारंजेही ओळखले असते.

तो पडद्याजवळ वाकला. "हा नाय. डोंगर नव्हता. डोंगर असता तर रडलो नसतो."

"रडलात?"

"कर्नाळ्याचा सुळका दिसायचा नाय ना. आमी मासेमारी करायचो तवा डोंगर बघूनच घर वळखायचो. तिथं चारी बाजूला सगळं पोळपाटासारखं."

संशय थोडा हलला, पण उठून गेला नाही. सपाट किनाऱ्याची हकीकत कुणाकडून ऐकलेलीही असू शकते. मी विमान समुद्र ओलांडून ईशान्येला नेले. उंची कमी केली तेव्हा उंची दाखवणाऱ्या काट्याकडे त्याचे लक्ष गेले. मी सांगितले की हा समुद्र जगातल्या बाकी समुद्रांपेक्षा नव्वदेक फूट खाली आहे, त्यामुळे पाण्यावर उतरलो तर हा काटा शून्याच्याही खाली जाईल. त्याला त्याचे काही वाटले नाही. "आमी खालीच व्हतो," तो म्हणाला.

ईशान्येचा किनारा आला. किनारा म्हणजे कुठे पाणी संपते आणि कुठे जमीन सुरू होते ते कळू नये असे राखाडी-हिरवे पट्टे. मी तीन हजार फुटांवरून त्याच्या कडेकडेने चाललो.

"जरा हळू घ्या, मास्तर. पळत्या बोटीतून कुणी जाळं टाकतं का?"

मी वेग कमी केला. विमान लगेच ओरडायला लागले. एवढ्या मोठ्या विमानाला किनारा बघत रमतगमत जाणे परवडत नाही. वेग उतरला की ते पडते. वेग वाढवला, तर त्याची टगबोट जिथे लागायची ती जेटी सापडेना. आम्ही त्याच पट्ट्यावरून चार फेऱ्या मारल्या. एकशे ऐंशी रिकामी आसने प्रत्येक वळणावर निमूट कलत होती आणि तो टेबलाची कड धरून बसला होता. जेटी नव्हती. जिथे असायला हवी असे तो म्हणत होता, तिथे नुसता चिखल होता आणि पाणी कितीतरी लांब.

मला हवी ती वेळ आली होती. मी म्हटले, "ओहोटी असेल, नाही का? थांबू या. भरती येईल."

तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला. माझा डाव त्याला कळला असावा. कोळ्याला जाळे ओळखता येते.

"तिथं चंद्राची भरती नाय, मास्तर," तो म्हणाला. "तिथं वाऱ्याची. पानी इतकं उथळ, की उत्तरेचा वारा सुटला की सगळं ढकलून लांब नेतो. दक्षिणेचा आला की परत आनतो. कधी जानार, कधी येनार, त्याला तिथी नाय."

"मग लेखात हे का नाही?"

त्याने पडद्याकडे बोट केले. मग म्हणाला, "तुमच्या विमानात वारा लावता येतो का?"

येतो. मी दक्षिणेचा चाळीस नॉटचा वारा लावला. विमान हिंदकळू लागले, आसने थरथरली, वारा किती आहे हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले. आम्ही दोघे पाण्याकडे बघत राहिलो. पाणी जिथल्या तिथे. बोटभरही पुढे आले नाही.

"तुमचा समुद्र खोटा हाय," तो शांतपणे म्हणाला.

मी विमान थांबवले, म्हणजे ते हवेतच गोठवले, आणि इंटरनेटवर शोधायला लागलो. दहा मिनिटांत सापडले. उत्तर कॅस्पियन, अतिशय उथळ, वाऱ्याने पाणी मैलोन् मैल आत-बाहेर होते. वर हेही, की गेल्या काही वर्षांत समुद्रच आटत चाललाय आणि किनारा मागे गेलाय. पस्तीस वर्षे पुस्तके लावून मी हे वाचलेले नव्हते. नातीनेही मोबाइलवर तेवढेच वाचले होते जेवढे मी: भरती नसते.

"हे आहे, दादा," मी म्हटले. "असं लिहा की. कोण खोटं म्हणेल?"

"तसं लिवलं तर पुढचं पन लिवावं लागंल."

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग पुढचे सांगितले. टगबोटीवरचा कप्तान नवा होता, मोठ्या समुद्रातून आलेला. पाणी ओसरायला लागले तेव्हा त्याने खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, बोट खोल पाण्यात काढू का? उरणकडचे चौघे होते, त्यातला हा वयाने मोठा. याने बोटांवर तिथी मोजली. घरी जसे मोजतात तसे: अमावास्येला उधाण, अष्टमीला पाणी मंद. दोन दिवसांवर अमावास्या होती. हा छातीवर हात ठेवून म्हणाला, काढू नका, परवा एवढे पाणी येईल की बोट आपोआप उचलली जाईल.

"आनि?"

"अमावास्या आली. पानी नाय आलं. चार दिवस बोट चिखलात, अशी तिरकी." त्याने तळहात कलता करून दाखवला. "उंटवाले बघायला यायचे. पाचव्या दिवशी वारा फिरला आनि पानी आलं, दोन-तीन तासांत. घरी आल्यावर मी ते कुनाला सांगितलं नाय. कोळ्यानं पानी चुकवलं, हे कसं सांगू? नुसतं भरती-ओहोटी म्हनालो. तेवढ्यानं भागलं असतं. पन पोरीनं मोबाइल काढला."

माझा संशय तिथे संपला. बढाई मारणारा माणूस परदेश शोधून काढतो, उंट शोधून काढतो. स्वतःला चार दिवस चिखलात बसवून ठेवत नाही.

"दादा, हे छापलं तर सगळे मानतील," मी म्हटले. "हे सोडून बाकी छापलं, तर नात परत मोबाइल काढेल."

"म्हंजे खरा ठरायचं तर आधी येडा ठरायचं."

"हो."

बायको मेथीची जुडी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "यांना विचारू नका, दादा. हे दोन्ही न ठरता निवृत्त झाले."

तो हसला. मग उठला, पडद्यावर गोठलेल्या किनाऱ्याकडे एकदा बघितले आणि पुन्हा बसला. "घ्या कागद," तो म्हणाला. "लिवा. अमावास्येचं मीच सांगितलं व्हतं, तसं लिवा. कुनीतरी सांगितलं, असं नको. मी."

मी लिहू लागलो. जुनी सवय जात नाही, मधेच विचारले, "नक्की चारच दिवस?"

"चार. पाचव्या दिवशी दुपारी सुटलो."

"आणि त्या चार दिवसांत बोटीवरचे तुमच्याशी बोलले नसतील."

"बोलले ना," तो म्हणाला. "सगळे बोलले. कप्तान तर रोज सकाळी ओरडतच यायचा. आमाला त्यांची भाषा यायची नाय, पन चार दिवसांत तेवढी आली." त्याने दाराकडे, बायकोकडे बघितले आणि आवाज खाली आणला. "ते नका लिवू."