समासातली चूक

वाचलेलं कळलं, हे तुम्ही कशावरून ठरवता? महाराष्ट्रातून आलेलं सफाई कामगारांचं पत्रक मी दुसऱ्या दिवशी दिल्लीत मुनिरकामध्ये होणाऱ्या सभेसाठी हिंदीत करणार होते. ‘अधिकाऱ्यांनी आमच्या मागण्यांची चेष्टा केली’ या ओळीशेजारी समासात मी पेन्सिलीनं लिहिलं, ‘निदान प्रयत्न तरी केला.’ ते बाबांनी पाहिलं.

“अगं, तू कोणाच्या बाजूची?”

“चेष्टा म्हणजे कोशिश ना, बाबा?”

“ती हिंदीत. मराठीत थट्टा.”

मी पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. समास कोरा असता, तर भर सभेत मी त्या अधिकाऱ्यांची पाठ थोपटली असती. आज जे वाचाल, त्याच्या समासात तुम्हाला काय कळलं ते लिहा, आणि कुणाला तरी दाखवा.