पालखीचा कोड

नितेश इस्पितळात कोडर झाला, तेव्हा हे काम काय ते गावात कुणाला कळेना. तो समजावून सांगे: डॉक्टर आजार लिहितात, मी त्या आजाराचा पुस्तकातला नंबर कॉम्प्युटरवर टाकतो. सरकारला आजार नंबरानेच कळतो. गाव मान डोलवी. सरकारचं काही सांगता येत नाही.

आईचा गुडघा दुखे. उजवा की डावा, पडलीस कुठे, काय करताना, एवढं विचारून झालं की तो समाधानानं जेवायला बसे. तेल आई स्वतःच लावी.

नितेश अजून कंत्राटावर होता. कायम करणं विभागप्रमुख अभयसरांच्या हातात, आणि अभयसरांनी कोडिंगची अचूकता सुधारायची मोहीम काढलेली. अचूकतेची त्यांची व्याख्या सोपी होती: 'इतर कारण' हा कोड दिसता कामा नये. ज्याच्या कामात दिसेल, तो घरी बसेल.

नेमका शिमगा आला. संगमेश्वराकडच्या गावांतून पालख्या निघाल्या. वर्षभर मुंबईत खुर्चीत बसलेले चाकरमानी पालखी खांद्यावर घेऊन नाचले आणि तिथून इस्पितळात आले. त्यांत गावातलाच, नितेशचा दादूकाकाही होता. खांद्याचं हाड मोडलेलं, हात गळ्यात, पण चेहरा उजळलेला. पडतानाही त्यानं पालखी जमिनीला टेकू दिली नव्हती.

नितेशनं पुस्तक पालथं घातलं. त्यात शार्कचा चावा होता, अंतराळयानाचा अपघात होता. पालखी नव्हती. तो अभयसरांकडे गेला.

"पालखीत कोण बसतं?" सरांनी विचारलं.

"देवी."

"म्हणजे स्वार आला. इंजिन नाही. घोड्यावरून पडणे, हा कोड टाक."

"सर, पण खाली माणसं असतात."

"तसा रकाना आहे का?"

नव्हता. नितेशनं टाकलं. अख्खा वॉर्ड घोड्यावरून पडला. 'इतर कारण' नाहीसं झालं, अभयसरांचा सत्कार झाला, नितेशच्या कायम होण्याच्या कागदावर फक्त सही उरली.

सहीच्या आधी जिल्ह्याहून एक साहेब आले. एवढी माणसं घोड्यावरून पडतात, तर घोडे पाहायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. वाट दाखवायला नितेशलाच गाडीत घेतलं आणि नेमके त्याच्याच गावात उतरले. त्या गावात वरातीलाही कधी घोडा आला नव्हता.

देवळापुढे दादूकाका बसला होता. साहेबांनी त्यालाच विचारलं, गावातले घोडे कुठे आहेत?

दादूला घोड्यांचं काही ठाऊक नव्हतं. पण पुतण्याचा पांढराफटक चेहरा त्यानं पाहिला. पोराच्या अंगाशी काहीतरी येतंय, एवढं त्याला कळलं.

"मुंबैला गेले," तो म्हणाला. "शिमगा झाल्यावर गावात कोण ऱ्हातंय, सायेब?"

साहेबांना ते पटलं. त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

नितेश कायम झाला. पेढे घेऊन पहिला काकाकडेच गेला. काकाचा हात अजून गळ्यातच होता.

"माझं नीट लिवलंस ना रे सरकारात?" दादूनं विचारलं. "पालखी सोडली न्हाय म्हणून?"

नितेशनं काकाच्या तोंडात पेढा घातला. मग आणखी एक घातला.