भाऊजींच्या स्टोअरमधलं विमान

'हरवणे' हे क्रियापदच भाषेतून काढून टाकावं, असं आमच्या थोरल्या भाऊजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं, ठाम मत आहे. "वस्तू हरवत नाही गं, ती चुकीच्या खणात असते," हे त्यांचं वेदवाक्य. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ते स्टोअर नाशिकच्या दोन खोल्यांत आणून बसवलं. डब्यांवर 'हळद, चालू' आणि 'हळद, राखीव' अशा चिठ्ठ्या. एका खणात दोन मॉडेलचा माल ठेवायचा नाही, या नियमापायी बिचाऱ्या पोह्यांचीही ताटातूट: जाडे वर, पातळ खाली. माझ्या लग्नात नवरदेवाचे बूट लपवायचं ठरलं, तर या महाशयांनी पिशवीवर लिहिलं, 'बूट, नवरदेव, जोड एक'. आमची बक्षिसी तिथेच बुडाली!

गेल्या वर्षी ताईला अर्धांगाचा झटका आला. बोलणं-चालणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं रुसून बसली. व्यायामाचा रबरी चेंडू ती कसाबसा दाबायची नि कंटाळून ठेवून द्यायची. बोटं अशीच आखडून जातील, या धास्तीने भाऊजी अर्धे झाले. मग त्यांना आठवलं, साखरपुड्यानंतर दोघं घरच्यांना चोरून मेन रोडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जायची आणि विमानांच्या लढाईत ताई त्यांना धूळ चारायची. तोच गेम आता कॉम्प्युटरवर खेळता येतो असं कळलं मात्र, स्वारी कामाला लागली. जुन्या मशीनचं सोंग आणणारा प्रोग्राम घेतला, गेमच्या मूळ आणि सुधारित अशा दोन्ही आवृत्त्यांच्या फाईली आणल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलं: फाईल सापडत नाही.

असा अपमान नोकरीतही कुणी केला नव्हता. "माझ्या स्टोअरमध्ये माल नाही म्हणतो! डोळे फुटले की काय याचे?" त्यांनी फाईली पुन्हा आणल्या, पुन्हा मांडल्या. पलंगावरून ताई म्हणायची, "राहू द्या हो आता." शेवटी शाळेत कॉम्प्युटर शिकवते म्हणून मला बोलावणं आलं.

जाऊन बघते तर दोन वेगळे फोल्डर. एकात 'विमान लढाई, मूळ', दुसऱ्यात 'विमान लढाई, सुधारित'.

"भाऊजी, ही नावं कुणी दिली?"

"मी! आधीची काय नावं होती का ती? अर्धवट अक्षरं नि आकडे!"

मी कपाळाला हात लावला. अहो, प्रोग्राम जुन्या नावानेच हाक मारणार ना! शिवाय सुधारित गेमला मूळ गेममधला थोडा माल लागतो, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारीच हवेत.

"एकाच खणात?" मी जणू त्यांना चोरी करायला सांगत होते. ते ताईच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी जुनी नावं परत लिहिली आणि दोन्ही फाईली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या.

गेम सुरू झाला. ताईची बोटं बटणावर अडखळली, विमान क्षणात कोसळलं. ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "परत लावा."

बोटं पूर्वीसारखी झालेली नाहीत, होतील असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण रोज संध्याकाळी दोघं खेळतात. परवा गेले तर ताई त्यांच्यावर खेकसत होती, "मुद्दाम हरता होय? नीट खेळा!" दारापर्यंत सोडायला आलेले भाऊजी हळूच म्हणाले, "मुद्दाम नाही गं हरत. तिच्या बोटांकडे बघत बसतो, पडद्याकडे बघायचं राहूनच जातं."